पुरव्यातला चैती गुलाब

श्री. गजानन मोघे, म्हणजे काशीतल्या आपल्या सर्व मराठी मंडळींचे नाना, यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत लिहायला मला सांगितलं गेलं, तेव्हा आनंदाबरोबर थोडी लाजही वाटली. कारण नानांशी माझी पहिली ओळख झाली ती मी त्यांची तक्रार केली म्हणून.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. कॅन्टोन्मेंटमधल्या आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या बागेत सिस्टरांचे विलायती गुलाब होते आणि त्यांना हात लावायची आम्हा मुलींना सक्त मनाई होती. एका दुपारी छाटणीनंतर कोपऱ्यात टाकलेल्या फांद्यांच्या ढिगात शाळेचे नवे क्लार्क बसलेले मला दिसले. ते एकेक फांदी उचलत, बोटांत धरून जाडी बघत आणि निवडलेली ओल्या रुमालात गुंडाळत होते. मी धावत जाऊन सिस्टरांना सांगितलं, नवे बाबू फुलझाडं चोरतायत. सिस्टरांनी दोघांनाही ऑफिसात बोलावलं. नानांनी रुमाल उलगडून टेबलावर ठेवला. सिस्टर मला म्हणाल्या, "आपण फेकलेलं ते उचलतायत. यातलं एखादं जगलं, तर चोर ते नाहीत, चुकलेलो आपण."

बाहेर आल्यावर मी माफी मागितली. नाना हसून मराठीत म्हणाले, "तू कुणाची गं?" शाळेच्या आवारात मराठी ऐकून मी चपापलेच. मराठी घरात बोलायची, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत हिंदी, अशीच आमची वाटणी होती. मी वडिलांचं नाव सांगितलं. "नजर चांगली आहे तुझी," नाना म्हणाले, "आता मी काय लावतो त्यावरही ठेव."

पुढच्या वर्षी सिस्टरांच्या खिडकीत त्यांच्याच गुलाबाचं एक लहानसं रोप आलं. ते एका पुरव्यात होतं. पुरवा म्हणजे कुल्हड, मातीचा पेला. बनारसमध्ये आम्ही पुरवाच म्हणतो.

पुढे मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवू लागले आणि नाना माझे सहकारी झाले. फीच्या पावत्या, दाखले, हजेरीपटांची कामं ते इतकी नीट करत की त्यांच्या टेबलावरून कधी कुणाचं पोर रडत गेलं नाही. नाव चुकलेला दाखला असेल तर दोन-दोन दिवस जुनी रजिस्टरं चाळून ते मूळ नाव शोधून काढत. पण लोकांना ते आठवतात ते पुरव्यांमुळे. लस्सीचे मोठे पुरवे त्यांना लागत. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं घर आहे आणि गल्लीच्या तोंडाशी एक लस्सीचं दुकान. तो दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचा, "लोग लस्सी खातिर पुरवा लेला, मोघे बाबू पुरवा खातिर लस्सी पीयेलन!" डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून नाना नुसतेच गिऱ्हाइकांचे रिकामे पुरवे गोळा करून आणतात, गरम पाण्याने धुतात, खिळ्याने तळाला भोक पाडतात. नानांच्या पत्नी सुनंदावहिनींचं म्हणणं असं, की हे भोक पाडण्याचं वेड पुरव्यापुरतं राहिलेलं नाही. "घरात एक बादली शोधून दाखवा जिच्यात पाणी टिकतं," त्या आल्यागेल्याला म्हणतात.

नानांची रीत साधी आहे. फूल देऊन झालेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यायची. चार डोळे मोजायचे, सर्वांत खालच्या डोळ्याच्या लगेच खाली तिरका काप द्यायचा. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढायची. कापाला कोरफडीचा गर लावायचा. गंगेपलीकडची धुतलेली वाळू आणि कुजलेला पाला पुरव्यात भरून फांदी त्यात दोन डोळे बुडेपर्यंत रोवायची, वरून काचेची बरणी उपडी घालायची आणि सावलीत ठेवायचं. एवढं केलं की आपलं काम संपतं. "पुढचं काम तिचं," नाना म्हणतात. "आपण फक्त मध्ये यायचं नाही."

आपल्या मंडळींतली मुलगी लग्न होऊन काशीबाहेर निघाली, की पाठवणीच्या वेळी नाना स्टेशनवर हजर असतात. मुलीच्या माहेरच्या गच्चीवरच्या किंवा शेजारच्या एखाद्या झाडाचं कलम दोन-तीन महिने आधी लावून त्यांनी तयार ठेवलेलं असतं. डोळे पुसत गाडीत बसलेल्या नवरीच्या मांडीवर पुरवा ठेवून ते सांगतात, "रडायचं तर रड, पण यात पाणी पडू देऊ नकोस. ओल बेताची लागते." मुलगी रडता रडता हसते आणि गाडी सुटते.

हे सगळं आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. मला सांगायचं आहे ते आमच्या घरच्या एका झाडाबद्दल, कारण नाना मला खरे कळले ते त्या झाडामुळे.

मंगला गौरीजवळच्या आमच्या घरी चौकात एक चैती गुलाब होता. वडिलांनी लावलेला. या गुलाबाला वर्षातून एकदाच, चैत्रात फुलं येतात, आणि ते तीन आठवडे आईच्या देवघराला दुसऱ्या कुठल्याही फुलाची गरज लागायची नाही. वडील गेल्यावर आई तिथे एकटीच राहत होती. दोन वर्षांपूर्वी चुलत भावंडांनी मिळून घर विकायचं ठरवलं. होळीनंतर ताबा द्यायचा होता. आईने माझ्याकडे राहायला यावं असं मी किती वेळा म्हटलं. पंचाऐंशी वर्षांची माझी आई एकच उत्तर द्यायची, "गुलाब येत असेल तर मी येते. नाहीतर माझी सोय भोसले घाटाच्या पायरीवर कर."

मी नानांना बोलावलं. त्यांनी चौकात उकिडवं बसून झाडाच्या बुंध्याभोवती बोटं फिरवली. मुळं दगडी फरशीखाली पार भिंतीपर्यंत गेलेली होती. "हा उपटला तर जगणार नाही, काकू," ते म्हणाले. "पण याची लेकरं नेता येतील." दिवाळीनंतर त्यांनी बारा कलमं लावून दिली आणि बारा पुरवे चौकात सावलीला ओळीने मांडले.

तिसऱ्या आठवड्यात बाराही फांद्या बुडाशी काळ्या पडल्या. मुंग्यांची रांग लागलेली. नानांनी एक पुरवा उचलून माती हुंगली.

"काकू, यात दूध कोण घालतं?"

"दूध कशाला घालीन मी? तीर्थ घालते. बाळकृष्णाच्या पंचामृताचं. रोज एकेकाला एक पळी."

"तुळस आहे की तीर्थाला."

"तिला काय, ती रोजच पिते. म्हटलं, ही अशक्त आहेत."

मला हसू आवरेना. नाना मात्र हसले नाहीत. "काकू, मूळ म्हणजे झाडाचं तोंड. यांना अजून तोंडच फुटलं नव्हतं आणि तुम्ही पंचामृत पाजत होतात."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच मारली?"

"तुम्ही कशा माराल? ब्राह्मणाघरी पुरवा ठेवताना तीर्थाचं आधी सांगायला हवं, हे मला कळायला हवं होतं. बारा जणांचं पाप माझ्या माथी." आणि लगेच चौकातल्या जुन्या झाडाकडे बोट करून, "थोरल्याला घाला तीर्थ. त्याला तोंड मोठं आहे." त्या दिवसापासून नाना कुणाच्याही घरी पुरवा देताना पहिलं वाक्य म्हणतात, "तीर्थ तुळशीला."

झाडावर आता लावण्याजोग्या नऊच फांद्या उरल्या होत्या. पौषातल्या धुक्यात, मफलर गुंडाळून, नानांनी त्या कापल्या. या वेळी त्यांनी आईला काम दिलं. रोज सकाळी लोणच्याच्या बरण्या उचलायच्या, आतली वाफ पुसायची, पुन्हा झाकायच्या. हाताला काही तरी करायला असलं की पळी हातात येत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

या वेळची चूक माझी. पाचव्या आठवड्यात मला राहवेना. मूळ फुटलंय का बघावं म्हणून मी एक फांदी हलकेच ओढली. ती हातात आली. टोकाला तांदळाच्या कणीएवढी दोन पांढरी मुळं फुटलेली, आणि दोन्ही माझ्या ओढण्याने तुटलेली. मी नानांना सांगून टाकलं.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "पेपर तपासायची सवय इथे चालत नाही. पण निकाल चांगला आहे हे कळलं, नाही का?"

होळीपर्यंत आठांपैकी तीन पुरव्यांच्या तळाच्या भोकांतून पांढरे दोरे बाहेर डोकावले. आई निघाली. ई-रिक्षात तीन पुरवे मांडीवर घेऊन बसली आणि लहुराबीरच्या माझ्या घरापर्यंत रिक्षावाल्यावर ओरडत होती, "अरे भइया, गड्ढा देख के! बच्चा लोग है!" मागे वळून तिने घराकडे पाहिलं नाही. तिला सवडच नव्हती.

नव्या मालकांनी चौक खोदला तेव्हा जुनं झाड फरशीबरोबर गेलं. तीन रोपांपैकी एक जेठातल्या लूने, म्हणजे उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याने, वाळलं. दुसरं आम्ही जपायला नानांच्या गच्चीवर ठेवलं होतं. तिथे माकडांसाठी लोखंडी जाळी आहे. नाना आत पिंजऱ्यात बसतात आणि माकडं बाहेरून बघतात. पण एकदा जाळीचा कोपरा उचकटून माकडाने तेवढंच रोप उपटून नेलं. नाना त्याच दिवशी भर उन्हात आमच्या घरी आले. फोनवर सांगता आलं असतं. आईसमोर उभे राहून म्हणाले, "काकू, तुमचं रोप माझ्याकडून गेलं." आईने त्यांना आधी पन्हं दिलं.

आता राहिलं एकच, आमच्या घरापुढच्या हातभर जमिनीत लावलेलं. नाना दर रविवारी बघायला येत. या चैत्रात त्याला एक कळी आली. एकच.

आईने ती पाहिली त्या दिवसापासून तिचं जेवण वाढलं, असं मी विनोदाने नाही सांगत. रविवारी नाना आले. कळी बघून त्यांचा चेहरा उजळला आणि मग तोच चेहरा विचारात पडला.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही काकू. रोप लहान आहे. पहिली कळी खुडायची असते. नाहीतर सगळी शक्ती तिच्यात जाते, मुळांना काही उरत नाही. उन्हाळा काढणं जड जातं." मग घाईघाईने म्हणाले, "पण ही राहू दे."

"का?"

"राहू दे. एखाद्याला नियम नसतो."

"माझं वय मोजलंत ना, नाना?"

नाना चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले. इतक्या वर्षांत नियम सोडताना मी त्यांना प्रथमच पाहत होते. चैती गुलाबाची कळी हुकली तर पुढची वर्षाने. आई शहाऐंशीची.

मी म्हटलं, "आई, असू दे गं. एका कळीने काय होतंय?"

"तू गप्प बस. ओढून बघणारी तू."

गुडघ्यावर हात ठेवून ती वाकली. बराच वेळ लागला तिला. डाव्या हाताने फांदी धरली आणि उजव्या हाताच्या नखाने कळी खुडली. तळहातावर घेऊन आम्हाला दाखवली. हिरवी, आणि एका बाजूला गुलाबी रेघ.

"देवापुढे ठेवू?" मी विचारलं.

"देवाला कळी कशाला? फूल येईल तेव्हा देईन. तोही थांबेल." मग नानांकडे वळून, "आता लागतील ना मुळं?"

नाना म्हणाले, "लागतील, काकू." त्यांनी लगेच रोपाभोवतीची माती चाचपायला सुरुवात केली.

आज त्या रोपाला पाच नवे फुटवे आले आहेत. लू त्याने सहज काढली. रोज सकाळी आई आणि मी दोघी ते बघतो, आणि दोघीही हात मागे बांधून उभ्या राहतो.

नानांच्या हातून अजून अनेक घरांचे गुलाब पुढच्या पिढीच्या अंगणात जावेत, सुनंदावहिनींची त्यांना आणि त्यांची वहिनींना अशीच सोबत राहावी, त्यांचे गुडघे आणि डोळे त्यांच्या कामाला पुरावेत, ही आपणा सर्वांची इच्छा आहे. या लेखाच्या शेवटी नानांना शतायुष्य चिंतावं असं मी ठरवलं होतं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "एकदम एवढं लांबचं नको लिहूस. पुढचा चैत लिही. सकाळी सात वाजता त्यांनी यायचं आहे, ऊन चढायच्या आत. तो झाला की त्यापुढचा लिहू."

तेव्हा नाना, पुढचा चैत्र. आम्ही दोघी वाट बघतोय.