थरथरबाईंचा घाबरायचा तास

थरथरबाई कॉफी प्यायला बसल्या की मैलापूरच्या देवळातले पुजारी घंटा कोण वाजवतंय म्हणून बाहेर डोकवायचे, इतका त्यांच्या हातातला पेला वाटीवर खणखणायचा. पाल, ऑटोवाले, टेलिफोन, मंडळाच्या अध्यक्षांचं नुसतं खाकरणं, सगळ्याला त्या भ्यायच्या. आणि आम्हा पोरांना धीटपणा शिकवायला मराठी मंडळाला नेमकी हीच बाई सापडली!

बाई तंजावरकडच्या. मराठीला तमिळचा हेल, आणि प्रत्येक पोराला लाडाने 'कण्णा'. रविवारच्या त्यांच्या वर्गात फळा नव्हताच. "धैर्य फळ्यावर लिहून येत नाही, कण्णा. बाहेर चला," म्हणून आम्हाला रस्त्यावर काढायच्या. रांगेत घुसलेल्या माणसाला नमस्कार करून मागे पाठव. शाळेत जिला सगळे चिडवतात तिच्या शेजारी, सगळ्यांदेखत डबा खा. परत आलो की एकच प्रश्न: "कुठं थरथरलं?" गुडघे, आवाज, पोट, काहीही चालायचं. "कुठंच नाही" म्हणणाऱ्याची मात्र खैर नसे. "मग ते सोपं होतं. जा, अवघड शोधून ये."

नवरात्राआधी मंडळाच्या बायका मिळून टी. नगरच्या बाजारात नऊवारी घ्यायला जायच्या. त्या वर्षी पिशव्या धरायला बाई आणि मी. दुकानात इतकी गर्दी, की एकीने श्वास सोडल्याशिवाय दुसरीला घेता येत नव्हता. अध्यक्षीणबाई, म्हणजे बाबांच्या बँकेतल्या साहेबांची बायको, काष्टा पुरतो का ते बघायला नेसत्या साडीवरच नवी नऊवारी गुंडाळून चालू लागल्या. पायातल्या जोडव्यात काठाची जर अडकली. टर्र! त्यांनी शांतपणे घडी घातली, फाटका काठ आत दडवला, साडी ढिगात सरकवली आणि माझ्याकडे बघून गोड हसल्या.

थोड्या वेळाने सुपरवायझरला ती साडी सापडली. तो थेट काउंटरवर साड्या दाखवणाऱ्या सेल्वी नावाच्या पोरीवर ओरडला, "तूच ओढलीस! सामान उचल आणि गावाला जा!" सेल्वी रडली नाही. काउंटरची कड घट्ट धरून उभी राहिली, जणू तिथून कुणी उपटून नेणार होतं.

बाईंनी माझं तोंड बघितलं. "काय पाहिलंस?"

मी कानात सांगितलं. "बाई, तुम्हीच बोला ना! त्यांचे मिस्टर बाबांचे साहेब आहेत!"

"मी पाठमोरी होते, कण्णा. पाहिलंस तू. मी शेजारी उभी राहते."

त्यांनी माझा हात धरला. आम्ही दोघी अशा कापत होतो की वरच्या मजल्यावरचे साडी नेसवलेले पुतळे बहुतेक पडले असतील. मी तोंड उघडलं. "अण्णा, हिने नाही फाडली. ह्या काकूंच्या जोडव्यात अडकली. मी पाहिलं."

"काहीतरीच! कुणाची गं तू?" अध्यक्षीणबाई कडाडल्या. कुणाची ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर विचारलं.

"माझी विद्यार्थिनी," बाई म्हणाल्या. "आणि जरीचा धागा अजून जोडव्यातच आहे, मॅडम."

सगळ्या माना खाली वळल्या. सोनेरी धागा लोंबत होता. सुपरवायझरने अध्यक्षीणबाईंनाच हात जोडले, अन् सेल्वीला मानेनेच कामाला लावलं. माफी कुणी मागितली नाही. पण सेल्वी राहिली.

राहिला नाही तो आमचा वर्ग. 'मुलांना उद्धटपणा शिकवतात' म्हणून मंडळाने खोलीला कुलूप घातलं. बाबा तर पोस्टमन दिसला तरी बदलीचा हुकूम आला म्हणून दचकायचे.

बाई कोईमतूरला भावाकडे निघाल्या, तेव्हा ऑटोत सामान ठेवून मी विचारलं, "आता तरी भीती कमी झाली ना, बाई?"

"वाढली. आधी माझी एकटीची होती. आता तू कुठं कुठं तोंड उघडशील, तुला कोण काय करेल, ती पण आली."

ऑटो सुरू झाला. आता त्या म्हणतील, जपून राहा, उगाच मध्ये बोलू नकोस. मी वाट बघत उभी होते. बाईंनी पदराने डोळे पुसले, पिशवी मांडीवर घेतली, पण तेवढं काही म्हटलं नाही.