बोलायचा हक्क कप्तानाला

एखादा समाज किती सुसंस्कृत आहे, हे तो आपल्या पंचाशी कसा बोलतो यावरून ओळखावे. हे वाक्य मी बरीच वर्षे गंभीर चेहऱ्याने सांगत आलो आहे. मी नांदेडात फुटबॉलचा पंच आहे, त्यामुळे ते अगदी निःपक्षपाती आहे असे म्हणता येणार नाही.

आमच्याकडे सामन्याआधी खेळाडू पंचाच्या पाया पडतात. चांगले वाकून. पहिली शिट्टी वाजली की त्याच पंचाची नजर, अक्कल आणि कूळ यांची चौकशी सुरू होते. पेनल्टी दिली की अकरा जण तर अंगावर येतातच, शिवाय राखीव खेळाडू, त्यांच्या चपला सांभाळणारा, आणि एकदा सोडा विकणाराही आला होता. परवा गोलकीपर ओरडला, "ओ मास्टर, चश्मा घर पे भूले क्या?" त्याचाच बचावपटू मागून म्हणाला, "भूले नहीं रे, सामनेवालों को दे दिये." मी दोघांनाही पिवळे कार्ड दाखवले. दुसऱ्याला दाखवताना जरा जड गेले.

त्यामुळे मुखेडची माझी भाची रग्बी खेळू लागली तेव्हा मला काळजी वाटली. माणसाला धरून जमिनीवर आपटणे ज्या खेळात नियमाला धरून आहे, तिथे पंचाचे काय होत असेल? यंदा लातूरला तिच्या शाळेचा अंतिम सामना होता. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. ती कप्तान होती आणि शाळेतले हे तिचे शेवटचे वर्ष. मी रजा काढून गेलो.

प्रमुख पाहुणे मूळचे मुखेडकडचे. त्यांनी खिलाडूवृत्तीवर भाषण केले. ते संपेपर्यंत मैदान तापले होते.

सामना संपत आला तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो. समोरची शेवटची रेषा ओलांडून चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो, त्याचे पाच गुण. आमची सगळ्यात चपळ पोरगी चेंडू घेऊन सुटली. कुणाच्या हाती न लागता तिने रेषा ओलांडली. पण गेल्या वर्षापर्यंत ती कबड्डीत चढाया करत होती. रेषेपलीकडे पाय पडताच ती गर्रकन वळली आणि चेंडू काखेत घट्ट धरून, श्वास कोंडून, आपल्या अर्ध्या मैदानाकडे परत धावत सुटली. दोघींनी तिला वाटेत पाडले. चेंडू सुटला. पंचांनी ट्राय दिला नाही.

"अगं, परत कशाला आलीस? गॅसवर दूध ठेवलं होतं का?" मागून एक बाई ओरडल्या.

प्रमुख पाहुणे चार कार्यकर्त्यांसह मैदानात शिरले. "रेषा ओलांडली का न्हाई? सगळ्या लातूरनं बघितलं!" मीही उठलो होतो. पंचाशी कसे भांडतात हे माझ्याइतके कुणाला माहीत असणार?

भाची आडवी आली. "साहेब, आत येऊ नका. बोलायचा हक्क फक्त कप्तानाला. कप्तान मी हाय."

"अगं पोरी, तुझ्याचसाठी बोलून राहिलो!"

"हाव. पण तुमच्या बोलण्यानं दंड आम्हाला बसतो." मग माझ्याकडे वळून, "मामा, तुम्हीबी बसा."

पाहुणे मागे सरले. मी बसलो. ती एकटी पंचांपाशी गेली.

"सर, विचारू का?"

"विचार."

"चेंडू टेकवला न्हाई, म्हणून ट्राय न्हाई. बरोबर?"

"बरोबर."

"हाव सर," म्हणाली आणि धावत आपल्या जागेवर गेली.

इतक्या वर्षांत मला कुणी "हाव सर" म्हटलेले नाही. शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मी सांगितले, ती माझी भाची. थोड्या वेळाने पुन्हा सांगितले.

त्याच दोन गुणांनी आम्ही हरलो. तिने आधी पंचांशी हात मिळवला, मग कबड्डीवालीच्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "चल, सोड आता श्वास." एसटीत मात्र अहमदपूर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडली.

उपविजेतेपदाचा चषक बहिणीने टीव्हीशेजारी ठेवला आहे. मी तिच्याकडे गेलो आणि कुणी पाहुणा आलेला असला, की त्याला ही हकीकत पहिल्यापासून ऐकवतो. स्पर्धेला दोनच संघ आले होते.