दीपमाळेवरची आगबोट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्यांच्याबरोबर पत्रकं वाटत भोरपासून हिर्डोशीपर्यंत पायी फिरलो त्यांनाही नाही. दुसऱ्यांची पापं मोठ्या टायपात छापायची मला सवय. हे मात्र — कुठून सुरू करू?

ती आगबोट आठवते तुम्हाला? पुण्याचा एक हॉटेलवाला आमच्या धरणाच्या पाण्यावर बांधत होता ती. इंग्रजांच्या काळात विलायतेला जाणाऱ्या कुठल्याशा नामांकित बोटीची हुबेहूब नक्कल — तीन धुराडी, गोल खिडक्या, वर पाहुण्यांना नाचायला फरशी. तरंगतं हॉटेल! आणि तरंगणार कशावर? आमच्या गावावर. धरणात गेलेलं आमचं जुनं गाव तिच्या खालीच होतं. पाणी ओसरलं की काठाचा जो गाळ उघडा पडतो, त्यात आम्ही पीक काढायचो. त्यावरून यांचा रस्ता जाणार होता. चिडू नको तर काय करू? ‘आमच्या घरांवर तुमच्या मेजवान्या!’ — ते पत्रक माझंच. कामावरच्या माणसांशी गावात कुणी बोलायचं नाही, हेही मीच ठरवलं. गावानं ते पाळलं.

त्या माणसांत कासमभाई होते. भोरचे सुतार, बोटीचे मुख्य मिस्त्री, वयानं माझ्या वडलांएवढे. बोटीवरच राहायचे. मी काठावर दिसलो की ओरडायचे, “काय पत्रकवाले, आज आमी कोण? चोर का दरोडेखोर?” मला हसू यायचं. मी ते दाबायचो.

त्या साली पाऊस धड झालाच नाही. दिवाळीनंतर एकदा ते होडी वल्हवत माझ्यापाशी आले. चेष्टा नव्हती.

“गाव तुमचं हाय म्हून इचारतो. सायबानं भरल्या पाण्यात दोरी सोडून खोली मोजली. पर खाली काय हाय? पाणी उतरलं तर बोटीच्या बुडाला काय लागंल का?”

मला माहीत होतं. लहानपणी एका कोरड्या वर्षी आई मला चिखल तुडवत तिथं घेऊन गेली होती. देवळाच्या दीपमाळेचा शेंडा उघडा पडला होता. त्या दगडाला हात लावून आई रडली होती. ती जागा मी विसरेन?

मी म्हणालो, “न्हाई कासमभाई. समदा गाळ हाय.”

एवढंच. दुसऱ्या कुणाला विचारायची त्यांना सोय नव्हती — गावाचं तोंड मीच बंद केलं होतं.

मग मी रोज काठावर जाऊ लागलो. पाण्याच्या कडेला काठी रोवायची. दुसऱ्या दिवशी ती कोरड्यात. कधी वीतभर, कधी हातभर. तिकडे ठोकाठोक चालूच, धुराड्यांना तांबडा रंग चढत होता. सांगायला किती दिवस मिळाले मला? रोज एक. मनाशी म्हणायचो, रिकामी असताना फुटेल. रिकामी — आणि कठड्यावर माणसांचे सदरे वाळत असायचे, ते काय मला दिसत नव्हते?

चैत्रात एका सकाळी आवाज आला. मोठा नाही — जात्यात खडा यावा तसा. बोट हळूहळू एका अंगाला कलली. कासमभाई तळात काम करत होते. तुळई हातावर आली. उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

सुताराचा उजवा हात.

काम बंद पडलं. आम्ही जिंकलो. मी लगेच पत्रक काढलं — ‘मिस्त्रीच्या हाताचा जाब द्या!’ मालकाचं नाव सगळ्यात वर. आणि ते द्यायला मी कासमभाईंच्या घरी गेलो. होय, गेलो. त्यांनी डाव्या हातानं कागद घेतला, वाचला, आणि आत बायकोला हाक मारली.

“च्या ठेव गं. समद्या गावात ह्यो एकलाच आमच्याशी बोलला.”

मी बसलो. चहा आला. मी तो प्यालो — सगळा.