हायवेच्या अलीकडचा ढेकण्या

आमच्या खात्यात बदली झालेला माणूस टेबल रिकामं करून जातो, पण किस्से मागे ठेवून जातो. ते कोणी चार्जमध्ये घेत नाही, पडून राहतात आणि वाढत जातात! मी शेती खात्यात आहे. आमच्याकडचा सगळ्यात मोठा साठा झोनच्या वेळचा.

मूळ योजना कापसाची. एका भागातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं, एकाच वेळी फवारायचं, म्हणजे बोंडअळीला पळायला शेजारचं शेत उरत नाही. कल्पना चांगलीच होती, उगाच खोटं कशाला बोला. फक्त आमच्या सिंधुदुर्गात कापूस दोनच ठिकाणी मिळतो, देवाच्या वातीत आणि मेडिकलमध्ये!

आमचे साहेब कापसाच्या जिल्ह्यातून नुकतेच आलेले. ते म्हणाले, "कापूस असो की काजू, कीड ती कीड. झोन पाडा!"

*

झोन पडायच्या आधी सापळे आले. खोकीच्या खोकी! बोंडअळीच्या नर पतंगाला मादीचा वास दाखवून आत ओढणारे. आमच्या काजूचा वैरी ढेकण्या. तो मोहरातला रस शोषतो आणि मोहर काळा पडतो. त्याला या वासाचं काय?

माझा जोडीदार नरे म्हणाला, "साहेब, परत पाठवूया."

"परत पाठवले तर पुढच्या वर्षी काहीच येणार नाही. बांधा!"

बांधले. काजूच्या फांद्यांवर ते रिकामे डोलत राहिले. हंगाम संपल्यावर साहेबांनी वर कळवलं, "आमच्या भागात एकही बोंडअळी आढळली नाही."

वरून अभिनंदन आलं!

*

मग झोनची रेघ. नकाशावर ठळक दिसावी म्हणून ती हायवेवरूनच ओढली. अलीकडे एक झोन, पलीकडे दुसरा, आणि दोघांच्या फवारणीच्या तारखा वेगळ्या.

यशोदाकाकींची काजूची बाग हायवेने मधोमध चिरलेली. नवऱ्याबरोबर कातळ फोडून, व्हाळाचं पाणी डोक्यावरून वाहून त्यांनी ती उभी केली. काका गेल्यावर काकींचं घर त्याच काजूवर चालतं. आदल्या वर्षी निम्मा मोहर काळा पडलेला, म्हणून त्या स्वतः मीटिंगला आल्या होत्या. एकटीने फवारून काही होत नाही, ढेकण्या शेजारच्या बागेतून परत येतो, हे त्यांना सोसून कळलेलं.

नकाशा बघून त्यांनी हात वर केला. "सायबानू, ढेकण्याक सांगलात काय, रस्तो ओलांडू नको म्हणान?"

सगळे हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, "पुढचा प्रश्न!"

*

सगळ्या गावाने एकत्र फवारायचं तर आधी देवाला विचारायला हवं, असं गावकऱ्यांचं म्हणणं पडलं. साहेब भडकले. "फवारणीला देवाची परवानगी? हे शास्त्रीय काम आहे!"

तरी देवळात कौल लावला. पाषाणावर फुलाच्या कळ्या लावतात, उजवी पडली की होकार. सकाळच्या सकाळी उजवी पडली. गाव पंप घासूनपुसून तयार!

आणि आमच्याकडे औषधाची तांत्रिक मंजुरी यायची होती. ती आली तेव्हा मोहर करपून खाली पडला होता. काकींच्या रस्त्यापलीकडच्या बागेत भाजीपुरतेसुद्धा काजू लागले नाहीत.

देवळातले गुरव नरेला म्हणाले, "आमच्या देवाक सही लागणा नाय, ह्यां बरां आसा!"

नरे हसला नाही. मलाही हसू आलं नाही.

*

दुसऱ्या वर्षी साहेबांनी पालवी फुटल्याबरोबर तारीख ठरवली. नेमकी त्या दिवसांत काकींच्या गावाची गावपळण! देवाचा हुकूम झाला की माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, सगळा गाव शिवेबाहेर जातो, झावळ्यांच्या खोपी करून राहतो. गावात चूल पेटत नाही. सरपंच महिनाभर आधी येऊन सांगून गेले होते. पण प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळालेली होती, ती कशी बदलणार?

आमच्या जीपा गावात शिरल्या. दारं बंद. एक मांजर दिसेना. साहेब म्हणाले, "शेतकरी अनुत्सुक आहेत."

शेवटी आम्ही शिवेवर गेलो. तिथे खोपींत गाणी, भजनं, माशांचं तिखलं, जत्राच! काकी धावत आल्या. "सायबानू, परवा आमी गावात जातलंव. तेवडां थांबा. औषध हयच ठेवन जावा, आमीच मारतंव!"

साहेबांनी मोबाईलवर नकाशा उघडला. "तुम्ही आत्ता हायवेच्या पलीकडच्या झोनमध्ये उभ्या आहात. तिथलं वाटप वेगळं ऑफिस बघतं."

औषध जीपमधून परत गेलं. वाटेत एका रस्त्यालगतच्या बागेत पाहुण्यांच्या हातात पंप देऊन फोटो काढले. त्या बागेचे मालक मुंबईला असतात. मला त्या दिवशी साहेबांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही.

*

त्या हंगामातही काकींचा मोहर काळा पडला. त्यांनी रस्त्यापलीकडची झाडं लाकूडवाल्याला दिली. उतार उघडा झाला, ओंडके हायवेच्या कडेला रचून ठेवलेले.

इकडे त्या फोटोंच्या जोरावर आमचा झोन कीडमुक्त जाहीर झाला. झोनच्या हद्दीवर तसा फलक लावायचा, उद्घाटनाला पुन्हा तेच पाहुणे. हद्द म्हणजे काकींची बागच! कार्यक्रमाच्या सकाळी छापखान्याचा माणूस फ्लेक्स टाकून गेला. खांब आणायला सगळेच विसरलेले. पाहुण्यांची गाडी जवळच्या कसालला पोचल्याचा फोन आला. साहेबांना घाम फुटला.

काकी घरापुढच्या खळ्यातून बघत होत्या. खाली आल्या आणि ओंडक्यांकडे बोट दाखवलं.

"ते घेवा. सरळ आसत."

नरेने आणि मी दोन ओंडके उचलले. चीक अजून हाताला लागत होता. खड्डे मारले, ओंडके उभे केले, फ्लेक्स ताणून बांधला. पाहुणे आले, टाळ्या झाल्या. साहेब खुशीत ओरडले, "शेतकरी प्रतिनिधी पाहिजे! काकी, या, फलकाखाली उभ्या राहा."

काकी उभ्या राहिल्या. फोटोवाला म्हणाला, "काकी, जरा हसा की!"

काकींनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि शांतपणे विचारलं, "खंयच्या झोनात हसू?"