पऱ्हाटीचा चार्जर

माझी धाकटी जाऊ आमच्या शेडमध्ये कामाला यायला लागली तेव्हा मी खूश होते. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं सुतारकामाचं छोटं युनिट आहे. फर्निचरवाल्यांकडे उरलेले सागाचे तुकडे आणून त्यांचे मोबाइल स्टँड करायचे, हे मीच सुरू केलं. नवरा मशीनवर असतो, बाकी सगळं माझ्याकडे. अजून दोन हात हवेच होते. ते हात घासकाम आणि पॅकिंग करतील, असं मी धरून चालले होते.

पहिल्याच महिन्यात तिने विचारलं, "ताई, आपण पऱ्हाटीचं काही काहून नाही करत?"

"पऱ्हाटी जाळतात," मी म्हटलं.

कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उरतात ती पऱ्हाटी. लहानपणापासून मी ती चुलीतच घातली आहे. हिने ढाणकीहून, तिच्या माहेरून, दोन पोती आणली, कुट्टी मशीनवर तिचे तुकडे केले आणि मिरची कांडपात दळून आणली. चार दिवस शेडमध्ये सगळे शिंकत होते. नवरा डोळे पुसत म्हणाला, "चार्जर करून राह्यली का ठेचा?" मी पोट धरून हसले.

पाचव्या दिवशी हसू थांबलं. फोन नुसता वर ठेवला की वायरशिवाय चार्ज होतो, त्या चकतीसाठी तिने बैठक केली होती. पऱ्हाटीची भुकटी धावड्याच्या डिंकात मळायची, लोखंडी साच्यात भरायची, ट्रकच्या जॅकने दाबायची आणि एप्रिलच्या उन्हात वाळवायची. रंग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, आणि हाताला गुळगुळीत. नवऱ्याने बैठकीवर हातोडी मारून पाहिली.

"अवं, हे तं दगडावानी झालं!"

माझ्या स्टँडवर त्याने इतक्या वर्षांत एकदाही हातोडी मारून पाहिलेली नाही.

मे महिन्यात पुण्याहून खरेदीदार बाई आल्या. त्यांना प्लास्टिक आणि रासायनिक गोंद नसलेल्या फोनच्या वस्तू हव्या होत्या, आणि आमच्याकडून त्या एकच वस्तू घेणार होत्या. टेबलावर माझा स्टँड आणि तिची बैठक शेजारी शेजारी ठेवली. माझ्या स्टँडचे सांधे बिनगोंदाचे, एकमेकांत बसणारे. ते जमवायला मला एक अख्खा हिवाळा लागला होता. बाईंनी तो उलटा करून पाहिला.

"सुंदर आहे. पण असे स्टँड खूप मिळतात, मॅडम. याला मात्र सांगण्यासारखी गोष्ट आहे," त्या बैठकीवर हात ठेवून म्हणाल्या.

माझ्या स्टँडला गोष्ट नव्हती. त्याला पाय होते आणि त्यावरून फोन पडत नव्हता. बाईंनी जावेच्या हातात पऱ्हाटी देऊन तिचा फोटो काढला. माझी सावली पडत होती म्हणून मला जरा बाजूला व्हायला सांगितलं. मी झाले.

घरी सासूबाई दारातच म्हणाल्या, "लहानीनं नाव काढलं हो." मी भाजी चिरायला बसले आणि बोट कापून घेतलं.

मला एक गोष्ट माहीत होती, जी शेडमध्ये दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. माझे वडील पुसदला जंगलातून आलेला डिंक विकत घेऊन पुढे विकायचे. उन्हाळ्यात त्याचे खडे काचेसारखे खणखणीत असायचे. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने अख्खं पोतं एक गोळा होऊन बसायचं आणि आम्ही भावंडं तो वरवंट्याने फोडायचो. इतर घरांत डिंक थंडीत लाडवांपुरता येतो आणि थंडीतच संपतो. पावसाळ्यातला डिंक कुणी पाहिलेलाच नसतो. आणि आमच्या सगळ्या चाचण्या झाल्या एप्रिल-मेमध्ये, जेव्हा यवतमाळात दोरीवर टाकलेला टॉवेल मागे वळायच्या आत वाळतो.

खात्री करावी म्हणून मी एक बैठक घरी नेली, ओल्या फडक्याजवळ डब्यात झाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी झाकण काढून अंगठा दाबला. अंगठ्याची रेघन् रेघ तिच्यात उमटली. मी ती पाणी तापवायच्या चुलीत टाकली. छान जळली. कुणाला काही बोलले नाही.

पुण्याला माल पाठवायच्या दिवशी जाऊ खोक्यांवर पट्टी मारत होती. "ताई, काही राह्यलं तं नाही ना? तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

"नाही राह्यलं," मी म्हटलं.

जुलैत खोकी परत आली. बाईंनी काही कोकणातल्या दुकानात ठेवली होती, काही पुण्यात. बैठकी कागदाला चिकटल्या होत्या, एकमेकींना चिकटल्या होत्या, एकीवर कुणाच्या तरी फोनचं कव्हर तसंच होतं. बाईंचा फोन आला. महिनाभरात टिकाऊ नमुना आला तर ठीक, नाहीतर ही वस्तू यादीतून काढणार. जावेने स्पीकर लावला होता, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं.

ती खोक्यांशेजारी फरशीवर बसली आणि एकेक कागद सोलायला लागली. रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"काय चुकलं, तेच समजून नाही राह्यलं," ती म्हणाली. "दगडावानी होतं ना हे?"

"डिंक ओल धरते," मी म्हटलं.

तिने मान वर केली. "तुम्हाले कसं माहीत?"

"बाबांचा धंदाच होता तो."

"म्हणजे तुम्हाले आधीपासूनच माहीत होतं?"

"हो."

"मंग कायले नाही सांगितलं?"

खोटं सांगता आलं असतं. लक्षात नाही आलं म्हटलं असतं तर तिने मानलंही असतं. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती त्यापुढे मला ते जमलं नाही. "बाईनं तुझं निवडलं म्हणून," मी म्हटलं.

मशीन बंद झालं. नवरा भुसा झाडण्याच्या निमित्ताने बाहेर गेला. हातातला कागद सोलून होताच जाऊ म्हणाली, "बरं. आता डिंक नाही तं काय वापरू, तेवढं सांगा."

तिने शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या. हे तिने मुद्दाम केलं असं मला आजही वाटतं.

मी मागच्या फळीवरून चपडा लाखेचा डबा काढला. सुतार पॉलिशला वापरतात तीच ही लाख, झाडावरच्या किड्यांची. तिला ओल लागत नाही. गरम करून भुकटीत दाबली की धरून बसते, आणि फोन चार्ज होताना तापतो तेवढ्याने सुटत नाही. माझ्या स्टँडना मी तिचंच पॉलिश करत होते.

पहिल्या तीन बैठकी तिच्या हातून जळल्या. चौथी मी साचा तापवून करून दिली. ती अशी निघाली की नवऱ्याने हातोडी उचललीच नाही, नुसता अंगठा फिरवला. बाईंनी पसंत केली. जावेने फोनवर त्यांना सांगितलं, "लाखेचं ताईंनी सांगितलं." ती खरंच मोठ्या मनाने बोलली, आणि मला अजूनच राग आला. आठ दिवस आम्ही जेवणाचे डबे वेगवेगळ्या टेबलांवर उघडत होतो. मग टेबल कमी पडायला लागलं, माल वाढला, आणि आम्ही पुन्हा एकत्र बसायला लागलो.

सागाचे स्टँड आता मागणी आली तरच करतो. बैठकी रोज निघतात. साचा तापवायचं काम माझ्याकडे आहे, कारण लाख नेमकी कोणत्या घडीला दाबायची ते मला वासावरून कळतं. थोडी आधी दाबली तर भुगा सुटतो, उशीर झाला तर करपते. जाऊ शेजारी उभी राहून बघते.

"ताई, वास म्हणजे नेमका कसा? सांगा ना."

"जमेल हळूहळू," मी म्हणते, आणि साचा बंद करते.