ज्या छपराखाली माणूस झोपतं

ईनस रेबरने आयुष्यात शेकडो कपाटं केली, पण अमेरिकेतल्या ओहायोत जुन्या चालीने राहणाऱ्या त्या आमिश ख्रिस्ती मंडळीत त्याचं नाव राहिलं ते एका वाक्यामुळे. "ज्या छपराखाली माणूस झोपतं, त्या छपरावर पॅनल नको." वाक्य त्याचं स्वतःचं. अठरा वर्षांपूर्वी मंडळीच्या सभेत उभं राहून त्याने ते म्हटलं आणि बिशपने जसंच्या तसं नेमात घेतलं. पाळकांनाही जे सुचत नव्हतं ते या सुताराने मापून कापून दिलं, म्हणून लोकांनी त्याची पाठ थोपटली. माणूस होताच तसा. दाराची फट सूतभर जास्त निघाली तर अख्खं दार उतरवणारा. जगात सगळंच काही सुताराच्या गुण्यात बसत नाही, असं कुणी सांगायला गेलं की याच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा.

घरावर पॅनल लावण्याचा तो प्रश्न त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचा होता, हे मात्र पाठ थोपटणारे सोयीस्कर विसरले. मेनो आणि ईनस हे दोघे भाऊ, आणि दोघांच्या बायका लोविना आणि ऑर्पा या सख्ख्या बहिणी. मेनोची सहा वर्षांची एडना जन्मापासून अशक्त. रात्री झोपली की तिची छाती थकायची, म्हणून डॉक्टरांनी श्वासाला जोर देणारं यंत्र दिलं होतं. कंपनीची वीज घरात घ्यायची नाही, हे तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. सुतारशाळेच्या छपरावर उन्हापासून वीज करणारे पॅनल लावून हत्यारांपुरती वीज घ्यायला तेव्हा नुकती मोकळीक मिळाली होती. मेनोने कुणालाही न विचारता दोन पॅनल चढवले ते थेट घरावर, पोरीच्या खोलीच्या डोक्यावर.

मंडळीचं प्रभुभोजन वर्षातून दोनदा, शरदात आणि वसंतात; त्याच्या आधीच्या सभेत विषय निघाला. बरेच जण नरमले होते. लहान लेकराचा जीव, जाऊ द्या म्हणत होते. तेव्हा ईनस उभा राहिला. आज लेकरासाठी आली ती वीज उद्या दिव्याला जाईल, परवा टीव्हीला, आणि भाऊ आहे म्हणून मी डोळेझाक केली तर उद्या कुणाला कोणत्या तोंडाने बोलू, असं म्हणून त्याने ते वाक्य टाकलं. मागून कुणी तरी विचारलं, मग अंगणात खांबावर लावले तर? "खांबावरही नको. आणि सुतारशाळेतून घरात तारही नको," ईनस म्हणाला. पळवाट ठेवायची नाही, ही त्याची सवय. मग रिवाजाप्रमाणे एकेकाचा आवाज घेतला गेला आणि बाया-पुरुष सगळे म्हणाले, मला मान्य आहे. मेनोही म्हणाला. न म्हणून करतो काय?

ऑक्टोबरात पॅनल उतरले. चार्ज केलेल्या बॅटऱ्या दुसऱ्यांकडून आणून मेनोने दिवस ढकलले. फेब्रुवारीत एडना गेली. एप्रिलात मेनो घरदार विकून मिशिगनकडच्या दुसऱ्या मंडळीत निघून गेला. जाताना त्याने ते दोन पॅनल ईनसच्या सुतारशाळेच्या भिंतीला टेकवून ठेवले आणि एवढंच म्हणाला, "हे तू लाव. तुझ्या सुतारशाळेत कुणी झोपत नाही." ईनसला ते झोंबलं, पण चांगली वस्तू वाया घालवणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने ते लावले. पोरगी मुळातच नाजूक होती, असं तो विचारणाऱ्याला सांगायचा. पुढे पुढे तर न विचारणाऱ्यालाही सांगायचा.

आता ऑर्पा एकसष्ट वर्षांची झाली आणि तिच्या फुप्फुसांनी साथ सोडायला सुरुवात केली. डॉक्टरांनी रात्रीसाठी यंत्र दिलं. ते घरात आणून खाटेशेजारी ठेवलं तेव्हा दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. एडनाचं होतं तसलंच यंत्र, फक्त आकाराने लहान.

सुतारशाळा खाली खळग्यात. धंदा बंद करताना बॅटरी भरणारं डिझेलचं इंजिन हत्यारांबरोबर विकलं गेलेलं. छपरावर मेनोचे तेच दोन म्हातारे पॅनल. रोज संध्याकाळी ईनस बॅटरी हातगाडीवर घालून चढ चढायचा आणि सकाळी रिकामी बॅटरी घेऊन उतरायचा. उन्हाळ्यात निभलं. पण नोव्हेंबर लागला की टेकडी ऊन अडवते, खळग्यात दुपारीसुद्धा सावली. बॅटरी अर्धीच भरायची, यंत्र पहाटे बंद पडायचं आणि ऑर्पा उजाडेपर्यंत खुर्चीत ताठ बसून एकेक श्वास ओढून घ्यायची. दोन हिवाळे असे काढल्यावर डॉक्टरांनी ईनसला बाजूला घेऊन सांगितलं, तिसरा असा काढू नका.

बॅटरीच्या दुकानातला नेल्सन बग्गी घेऊन जागा बघायला आला. मंडळीतलाच माणूस, तोंडाळ, पण कामात पक्का. हातात होकायंत्र घेऊन तो आधी सुतारशाळेवर चढला आणि लगेच उतरला. इथे दहा पॅनल लावलेस तरी हिवाळ्यात चहा गरम होणार नाही, म्हणाला. मग घराकडे आला. घर टेकडीच्या माथ्यावर, छपराचा लांब उतार थेट दक्षिणेला, आसपास झाड नाही. ईनसनेच बांधलेलं घर. त्याचं छप्पर मापात नसेल तर कुणाचं असणार!

"अरे, हे छप्पर तू सूर्याला विचारूनच बांधलंयस की काय?" नेल्सन वरून म्हणाला. "इथे चार लावले की झालं. जागा शोधायला नकोच. जागा एकच आहे."

"ती एक सोडून सांग," ईनस म्हणाला.

नेल्सन शिडीवरून उतरला. त्या सभेत तो पोरगेला होता, पण वाक्य त्यालाही पाठ होतं. दुकानातून रोज भरलेली बॅटरी? बर्फात बग्गी रोज पोहोचायची नाही. मग अंगणात खांब? नेमात बसत नाही. सुतारशाळेतून तार? फायदा नाही, आणि तेही बसत नाही. ऑर्पाची खाट दुसरीकडे हलवली तर? हलवशील कुठे, नेल्सन म्हणाला, ती जिथे झोपेल ते झोपायचं छप्पर. ईनस पायरीवर बसला. जिकडे जावं तिकडे दार लावलेलं, आणि प्रत्येक दाराचं काम याच्याच हातचं. इतकं चोख काम केल्याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

तरी तो बिशप टोबियसकडे गेला. त्यांच्या बोलीत अहो-जाहो नाहीच, बिशपलाही अरे-तुरे. टोबियसने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू मागतोयस, ईनस? तू?" ईनसने मान खाली घातली. मागायचं म्हणजे काय असतं हे त्याला त्रेसष्टाव्या वर्षी कळत होतं. टोबियस माणूस भला. नेम सगळ्यांसाठी सैल करू, आजाऱ्यासाठी घरावर पॅनल चालतील, असं मी मांडतो, म्हणाला. पण आवाज सगळ्यांचा लागेल.

ऑक्टोबरची सभा आमन हर्शबर्गरच्या घरी होती. पुरुष मोठ्या खोलीत, बाया स्वयंपाकघरात. डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक, पुरुषांच्या बाकांवरून एकेकाकडे वाकत गेला आणि प्रत्येक जण म्हणाला, मला मान्य आहे. मेनोचा जुना शेजारीसुद्धा म्हणाला. ईनसच्या छातीवरचं ओझं उतरत चाललं होतं. मग एक पाळक बायांचे आवाज घेऊन स्वयंपाकघरातून आला, बिशपच्या कानाला लागला, आणि टोबियसने हातातली टोपी बाकावर ठेवली.

"एक आवाज नाही म्हणाला," तो म्हणाला. "नेम आहे तसाच राहील."

जेवणाला घेवड्याचं सूप, पाव, बीटाचं लोणचं. ईनसने पाव नुसता कुस्करून ठेवला. समोर वाढणारी प्रत्येक बाई त्याला वैरीण दिसत होती. आमनची बायको कॉफी ओतायला आली तर याने कप पालथा घातला. मागे तिच्या कपाटाचा खण अडकतो म्हणून दोघांचं वाजलं होतं. बिचारी गोरीमोरी झाली.

परतताना बग्गीत त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. माझ्या हातच्या टेबलांवर जेवतात, माझ्या हातच्या पाळण्यात यांची पोरं वाढली, आणि एका आजारी बाईचा श्वास यांना जड झाला! आमनचीच बायको असणार. एका खणासाठी माणूस मारायला निघाली. असली काळीज नसलेली बाई देवासमोर गुडघे तरी कशी टेकते, असं तो बोलतच होता.

"मी होते ती," ऑर्पा म्हणाली.

घोडा आपल्या चालीने चालत होता. ईनसला वाटलं, बाईला श्वास लागलाय, काहीतरी बरळतेय.

"एडनाच्या वेळच्या सभेत लोविना माझ्या शेजारी बसली होती," ती थांबत थांबत म्हणाली. श्वास घ्यायला तिला मध्ये मध्ये थांबावंच लागायचं. "माझा हात धरून. माझी पाळी आली तेव्हा मी मान्य आहे म्हणाले. तू उभा राहिला होतास म्हणून म्हणाले. तिने माझा हात सोडला, तो आजतागायत धरला नाही. एडनासाठी जो नेम वाकला नाही, तो माझ्यासाठी वाकवून त्याच्याखाली मी झोपू?"

"ती पोरगी मुळातच—"

"नाजूक होती. माहीत आहे. मीही आहे."

पुढचे तीन मैल ईनसने लगाम नुसता हातात धरून ठेवला. ईनसने आमनच्या बायकोची माफी मागायला माघारी वळावं असा एक विचार केला, तेवढंच त्याच्या हातात उरलं होतं. तेही त्याने केलं नाही.

तो हिवाळा त्यांनी काढला, कसा ते विचारू नका. बर्फ पडलं की ईनस सकाळी सुतारशाळेवर शिडी लावायचा आणि मेनोच्या दोन पॅनलांवरचं बर्फ झाडूने ओढायचा. वर घराच्या छपरावरचं बर्फ कुणी हात न लावता दहाच्या आत वितळून गेलेलं असायचं. पहाटे यंत्र बंद पडलं की ऑर्पा उठून खुर्चीत बसे, आणि तो दुसरी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसून राही. एकदा त्याने मिशिगनला पत्र लिहायला घेतलं. "प्रिय मेनो" लिहून झाल्यावर पुढचं एकही वाक्य त्याला मापात बसवता येईना.

वसंतातल्या सभेच्या आधी टोबियस स्वतः चालत घरी आला. ऑर्पा अंगणात खुर्चीत बसून वाळलेल्या घेवड्याच्या शेंगा सोलत होती, हिवाळा तिच्या अंगावरचं अर्धं मांस घेऊन गेला होता. टोबियसने विचारलं, विषय पुन्हा मांडू का? माणसं तेव्हाही तयार होती, आताही आहेत. त्या एका आवाजाशी मी बोलून बघतो.

ईनसने ऑर्पाकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले, पुढची शेंग उचलली.

"नको मांडूस," ईनस म्हणाला.

"लोक कारण विचारतील, काय सांगू?"

"सांग, नेम चांगला आहे," ईनस म्हणाला. "मीच केलाय."