कालचे आकडे, आजची तारीख

इंदूरमध्ये बडा गणपतीजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर मी काही वर्षं सांभाळत होते. एका सकाळी काउंटरवरच्या ताईंचा फोन आला. त्याही मराठीच, पण आमचं बोलणं म्हणजे मराठी-हिंदीची इंदुरी खिचडी.

"अगं, सर्वर बसलाय. एक पण रिपोर्ट निघत नाहीये. बाहेर लोग चिल्ला रहे हैं. लवकर ये ना."

सर्वर म्हणजे एक जुना कॉम्प्युटर. तो ठेवला होता मागच्या कोठडीत, जिथे लघवीच्या तपासणीचे वापरलेले डबे फेकण्याआधी साठवत. तो वास नाकात बसला की दिवसभर निघत नसे. त्या दिवशी कीबोर्डवर गुटख्याचे लाल शिंतोडेही होते. स्पिरिटच्या बोळ्याने ते आधी पुसले.

गुटखा कुणाचा ते ताईंनीच सांगितलं. कॉम्प्युटर सुस्त चालतो म्हणून लॅबच्या डॉक्टरसाहेबांनी मला न विचारता आदल्या संध्याकाळी एका 'एक्सपर्ट'ला बोलावलं होतं. मी त्याला फोन लावला.

"भिया, कल आपने क्या किया था?"

"कुछ नहीं मैडम, कचरा साफ़ किया. डेटाबेस निकाला, उसकी सेटिंग वाला पूरा फ़ोल्डर उड़ाया. फिर वापस डाला तो एरर मारने लगा. आपका सिस्टम ही ख़राब है."

स्क्रीनवर तीच एरर खालपर्यंत लागलेली होती. सेटिंगची फाइल सापडत नाही, इन्स्टॉलेशन अर्धवट राहिलं, असं ती सरळ सांगत होती. या माणसाने ती वाचलीच नव्हती, नुसता इन्स्टॉलचा तोच हुकूम पुन्हा पुन्हा ठोकत बसला होता. असं सॉफ्टवेअर ज्या तयार पॅकेजमधून बसवतात, त्याचा एक नियम असतो. सेटिंगची फाइल तुम्ही हाताने पुसलीत, तर पॅकेज समजतं की मालकाने ती मुद्दाम काढली. मग तेच पॅकेज कितीदाही बसवा, ते फाइल आपणहून परत ठेवत नाही, आणि फाइल नाही म्हणून डेटाबेस उभा राहत नाही.

"सब जड़ से उखाड़ दो ना मैडम," तो म्हणाला. "फ़्रेश हो जाएगा."

"और मरीज़ों का डेटा?"

"बैकअप तो होगा आपके पास."

बॅकअपच्या डिस्कची वायर काढून त्याने तिथे आपला मोबाइल चार्जिंगला लावला होता. ती वायर तशीच लोंबत होती. मी फोन ठेवला. आणखी बोलले असते तर तोंडातून शिव्याच निघाल्या असत्या.

नशिबाने डेटाचा फोल्डर वेगळ्या जागी होता आणि तो शाबूत होता. आधी त्याची नक्कल काढायला लावली. त्याला वेळ लागणार होता, म्हणून हात धुवायला बाहेर आले.

काउंटरवर ताई कुणाचा तरी रिपोर्ट प्रिंट करत होत्या. मी विचारलं, "सर्वर बंद आहे, मग आकडे कुठून आणले?"

ताई माझ्याकडे बघेनात. "महूची एक मुलगी आहे, डेंग्यूची. रोज प्लेटलेट बघतात. तिचे वडील घाई करत होते. सर म्हणाले, कालचा रिपोर्ट घे, तारीख बदल आणि देऊन टाक. एक दिन में क्या फ़र्क़ पड़ता है."

"दिला?"

"एक प्रिंट देऊन झाली. ही फाइलला लावायची कॉपी."

मी तशीच डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते चहा पीत होते. "मैडम, आप कंप्यूटर देखिए," ते हसून म्हणाले. "मरीज़ हम देख लेंगे." त्या हसण्यापुढे मागच्या कोठडीतली घाण मला परवडली असती.

परत येऊन कामाला लागले. नक्कल पूर्ण झाली होती. मग पॅकेज पुन्हा बसवलं, पण या वेळी हरवलेल्या फाइली परत ठेव असं त्याला स्पष्ट सांगून. फोल्डर भरला, अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन पूर्ण झालं, डेटाबेस सुरू झाला. रक्त तपासणाऱ्या मशीनमध्ये अडकून पडलेले सकाळचे निकाल भराभर आत आले.

मी ताईंना त्या मुलीचं नाव शोधायला लावलं. प्लेटलेट कालच्यापेक्षा निम्म्याहूनही खाली होत्या.

"सरांना विचारते," ताई उठू लागल्या.

"विचारू नका. फोन लावा."

त्या पुन्हा खाली बसल्या आणि मुलीच्या वडिलांना फोन लावला. वडील बसमध्ये होते. ताईंनी खरा आकडा सांगितला, मुलीला लगेच दवाखान्यात न्या म्हणाल्या. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, "तो मैडम, अभी जो काग़ज़ दिया, वो किसका है?"

ताईंनी पदराने तोंड झाकलं. मी फोन घेऊन म्हटलं, "वो ग़लत है. फाड़ना मत, संभाल के रखना."

मुलीला त्याच दुपारी महूला भरती केलं आणि ती बरी होऊन घरी आली, हे पुढे ताईंकडून कळलं. वडिलांनी लॅबमध्ये येऊन तो कागद डॉक्टरसाहेबांसमोर टाकला, तेव्हा साहेब म्हणाले, "सर्वर में वायरस था."

मी तिथलं काम त्याच दिवशी सोडलं होतं. ताई अजून तिथेच आहेत. "घर चलाना है ना गं," म्हणतात. लॅबसमोर अजूनही सकाळी रांग असते. तिथून जाताना मी स्कूटरचा वेग वाढवते.